स्मृतीचे औषध आणि वृद्धांची चाल

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या संस्थेस पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत, याचा दुसरा अर्थ असा की ज्या तरुणांनी ही संस्था उभी केली, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. संयोजकांनी मला ‘वार्धक्यातील विस्मरण’ हा विषय दिला होता. त्यावर आपण वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाचले असेल. म्हणून मी त्या विषयाचा एक कोपराच आज घेणार आहे. अल्झायमर रोगासाठी जी औषधे दिली जातात, त्यांचा रुग्णाच्या चालण्यावर काय परिणाम होतो, हा तो कोपरा होय. विषय लहान वाटेल. परंतु ज्या घरात आजोबा एकदा पडले आणि खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळले, त्या घराला तो लहान वाटणार नाही.

भारतात साठ वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासाने मांडला. स्मृतिभ्रंशाच्या कारणांमध्ये अल्झायमर रोग हे सर्वांत मोठे कारण. जर्मन वैद्य अलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली या रोगाचे पहिले वर्णन केले, तेव्हापासून आपण त्याला विसरण्याचा रोग म्हणत आलो आहोत. ते खरे आहे, पण अपुरे आहे. अल्झायमरचा रुग्ण पडण्याचा धोका त्याच वयाच्या निरोगी माणसापेक्षा पुष्कळ अधिक असतो, आणि त्याचे कारण केवळ गुडघे किंवा डोळे नव्हे.

चालणे ही पायांची क्रिया आहे असे आपण समजतो. वास्तविक ती लक्ष देण्याची क्रिया आहे. आपल्या परंपरेला हे शास्त्रज्ञांच्या फार पूर्वी ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ज्या पाच समिती सांगितल्या आहेत, त्यांत पहिली ईर्यासमिति. मुनीने दिवसा, रुळलेल्या वाटेने, पुढची चार हात जमीन पाहत चालावे. उत्तराध्ययन सूत्राच्या चोविसाव्या अध्ययनात तर याहून पुढची गोष्ट आहे. चालताना इंद्रियांच्या विषयांकडे लक्ष देऊ नये, इतकेच नव्हे तर स्वाध्यायदेखील बाजूला ठेवावा आणि चित्त केवळ चालण्यात असावे, अशी तेथे आज्ञा आहे. हेतू अर्थातच पायाखालच्या जीवांच्या रक्षणाचा आहे. परंतु चालणे आणि चिंतन या दोहोंसाठी मन एकाच भांडवलातून खर्च करते, हे निरीक्षण त्या आज्ञेच्या मुळाशी आहे.

याच निरीक्षणाची आधुनिक परीक्षा १९९७ साली स्वीडनमध्ये झाली. वृद्धनिवासात राहणाऱ्या ५८ जणांबरोबर चालता चालता संशोधकांनी संभाषण सुरू केले. बारा जण उत्तर देण्यासाठी थांबले. चालणे आणि बोलणे एकाच वेळी त्यांना साधेना. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. यंत्र नाही, रक्ततपासणी नाही. नुसता एक प्रश्न विचारायचा आणि माणूस थांबतो का ते पाहायचे. ही परीक्षा आपण आज घरी जाऊन करू शकता. ‘अण्णा, आज भाजी कुठली करायची?’ असे दिवाणखान्यातून चालताना विचारा. अण्णा चालत चालत उत्तर देतात, की पाऊल थांबवून मग बोलतात, एवढेच पाहा.

अल्झायमरमध्ये हे भांडवल का आटते? मेंदूच्या पुढील भागाच्या तळाशी असलेल्या काही चेतापेशी ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन संपूर्ण मेंदूपृष्ठाला पुरवतात. लक्ष एकाग्र करणे, नवीन गोष्ट मनात धरणे यांसाठी ते आवश्यक असते. अल्झायमरमध्ये या पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात. मस्तिष्कस्तंभातही याच रसायनावर चालणाऱ्या पेशींचा एक समूह असून त्याचा संबंध पावलांच्या लयीशी आणि तोलाशी आहे. त्यामुळे रुग्णाची चाल मंदावते, पावलापावलातील अंतर आणि वेळ असमान होत जाते. निरोगी माणसाची पावले घड्याळाच्या टिकटिकीसारखी एकसारखी पडतात. या रुग्णांत ती टिकटिक डळमळते. चाल हळू होणे तितके चिंताजनक नाही. लय बिघडणे अधिक चिंताजनक आहे.

आता औषधांकडे येऊ. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन आणि गॅलॅन्टामाइन ही तीन औषधे एकाच कुळातील आहेत. ॲसिटिलकोलीनचे विघटन करणाऱ्या विकराला ती अडवतात. आवक वाढवता येत नाही म्हणून जावक रोखायची, असा हा व्यवहार आहे. डोनेपेझिलला अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली, इतर दोन्ही त्यानंतरच्या पाच वर्षांत आली. यांतील गॅलॅन्टामाइन मुळात स्नोड्रॉप या फुलझाडाच्या कंदातून वेगळे केले गेले, हे वनस्पतिजन्य औषधांविषयी आस्था असणाऱ्या श्रोत्यांना ऐकायला आवडेल. चौथे औषध मेमँटिन. त्याची कार्यपद्धती निराळी आहे. यांपैकी एकही औषध रोग बरा करीत नाही. काही काळ, काही रुग्णांना, थोडा आधार देते.

मग ज्या रसायनाने लक्ष टिकते, ते वाढवले तर चालही सुधारेल काय? कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या लंडन या शहरात डॉ. मोंटेरो-ओडासो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न हाती घेतला. सौम्य अल्झायमर असलेल्या ४३ वृद्धांना त्यांनी चार महिने डोनेपेझिल दिले. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चालण्याचा वेग सेकंदाला सुमारे १०८ सेंटीमीटर होता, तो ११३ सेंटीमीटर झाला. चालताना मनात दुसरे काम करायला सांगितल्यावरही वेग थोडा वाढलेला आढळला. पाच सेंटीमीटर म्हणजे किती, असे आपण विचाराल. फार नव्हे. शिवाय या प्रयोगात बनावट गोळी देऊन तुलना केलेली नव्हती, त्यामुळे त्यावर मोठी इमारत रचणे योग्य होणार नाही. मेमँटिनने पावलांची असमानता कमी होते, असे फ्रान्समधील छोट्या अभ्यासांत दिसले. त्याबद्दलही हेच म्हणावे लागेल.

याहून भक्कम पुरावा शेजारच्या रोगातून आला आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, १३० रुग्णांवर रिव्हास्टिग्माइनचा प्रयोग झाला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सर्व रुग्ण आदल्या वर्षी किमान एकदा पडलेले होते. निम्म्यांना औषध, निम्म्यांना बनावट गोळी, अशी रीतसर तुलना होती. बत्तीस आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांची पावले अधिक एकसारखी पडत होती आणि ते पडतही कमी होते. पण हा कंपवात आहे, अल्झायमर नव्हे. एका रोगाची पावती दुसऱ्या रोगाच्या खात्यावर जमा करता येत नाही. अल्झायमरचे रुग्ण या औषधांमुळे कमी पडतात, असे आज ठामपणे म्हणता येत नाही. म्हणून ‘चाल सुधारावी’ एवढ्यासाठी ही गोळी कोणी मागू नये.

आता नाण्याची दुसरी बाजू. मला आज जे मुख्यतः सांगायचे आहे ते येथेच आहे. ॲसिटिलकोलीन केवळ मेंदूत नसते. हृदयाकडे जाणारी व्हेगस नावाची नस याच रसायनाच्या द्वारे हृदयाला ‘सावकाश’ असे सांगत असते. गोळी मेंदूत जावक रोखते, तशीच ती हृदयापाशीही रोखते. परिणामी काही रुग्णांची नाडी मंद होते, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते, भोवळ येते आणि माणूस कोसळतो. ज्या औषधाने पाऊल स्थिर व्हावे, त्याच औषधाने माणूस उभ्याचा आडवा व्हावा, असा हा विलक्षण पेच आहे. ऑन्टारिओ प्रांतातच स्मृतिभ्रंशाच्या सुमारे ८१ हजार रुग्णांच्या नोंदी तपासून २००९ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बेशुद्ध पडून रुग्णालयात यावे लागण्याचे प्रमाण ही औषधे घेणाऱ्यांत दर वर्षी हजारी सुमारे ३१ होते, तर न घेणाऱ्यांत सुमारे १९. पेसमेकर बसवण्याची वेळ येणे आणि खुब्याचे हाड मोडणे, यांचेही प्रमाण थोडे अधिक आढळले. २०११ साली अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यातही बेशुद्धीचा धोका सुमारे दीडपट निघाला; मात्र एकूण पडण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. म्हणजे भीतीने गोळी फेकून देण्याचे कारण नाही. डोळे उघडे ठेवण्याचे कारण मात्र निश्चित आहे.

सर्वांत घातक ठरतो तो गोळ्यांचा संगम. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी गोळी वर्षानुवर्षे चालू असते. तीही नाडी मंद करते. स्मृतीची गोळी देणारे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, आणि दोघांच्या चिठ्ठ्या घरातल्या दोन वेगळ्या डब्यांत! गोळी सुरू करण्यापूर्वी हृदयाचा आलेख काढलेला असावा आणि सर्व चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांच्या टेबलावर एकत्र ठेवाव्यात. घरी मनगटावरील नाडी मोजणे अवघड नाही. ती मिनिटाला पन्नासच्या खाली जात असेल, अथवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

दुसरा संगम अधिक चमत्कारिक आहे. स्मृतीच्या गोळीने काही रुग्णांना लघवीची घाई होते. मग लघवीवर ताबा आणणारी गोळी सुरू होते. त्या प्रकारातील अनेक गोळ्या ॲसिटिलकोलीनच्या नेमक्या विरुद्ध काम करतात. एका हाताने जमा, दुसऱ्या हाताने नावे. विस्मरण वाढते, तोल जातो, आणि घरचे म्हणतात, ‘रोग वाढला.’ रोग वाढलेला नसतो; चिठ्ठी वाढलेली असते. सर्दीच्या जुन्या गोळ्या, ज्यांनी झोप येते, त्याही याच विरोधी पक्षातल्या.

झोपेच्या गोळ्यांबद्दल मी सौम्य शब्द वापरणार नाही. रात्री फिरणाऱ्या, ओरडणाऱ्या रुग्णामुळे घर थकते, हे मला मान्य आहे. सुनेची आणि मुलीची होणारी ओढाताण आपण सर्व जाणतो. परंतु अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांचा अंमल वृद्ध शरीरात सकाळपर्यंत उतरत नाही आणि पहाटे स्वच्छतागृहाकडे जाताना माणूस पडतो. चित्तभ्रमासाठीची हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन ही औषधे पावले ताठर करतात, चाल घसटती होते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. काही प्रसंगी ती द्यावी लागतात. तेव्हाही अल्प मात्रेत, अल्प काळ आणि विशेषज्ञांच्या देखरेखीखाली. चालीवर सर्वाधिक दुष्परिणाम करणारी औषधे स्मृतीची नसून या रांगेतील असतात.

आता आपल्या समाजाच्या आचाराशी निगडित काही गोष्टी. औषधाच्या वेष्टनावरील कागदात त्या लिहिलेल्या नसतात. चौविहार करणाऱ्या घरांतून मला नेहमी विचारले जाते, ‘डॉक्टरसाहेब, गोळी झोपताना घ्यायला सांगितली आहे, आईचे तर सूर्यास्तानंतर पाणीही बंद. मग काय करायचे?’ डोनेपेझिल सहसा रात्री देतात हे खरे, पण ती गोळी सकाळीही चालते आणि तिला अन्नाचे बंधन नाही. नवकारसीनंतर घेतली तरी परिणामात उणेपणा येत नाही. काहींना रात्रीच्या गोळीने भयंकर स्वप्ने पडतात. त्यांना तर सकाळच अधिक हितकर. रिव्हास्टिग्माइनची कॅप्सूल मात्र दिवसातून दोनदा आणि अन्नाबरोबरच घ्यावी लागते, रिकाम्या पोटी मळमळ आणि उलट्या होतात. सकाळच्या न्याहारीबरोबर एक आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाबरोबर दुसरी, असा क्रम बसवता येतो. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते, हेही आपणास ठाऊक असावे. याच औषधाची त्वचेवर चिकटवण्याची पट्टी मिळते. ती चोवीस तास काम करते, पोटाला त्रास कमी देते, आणि आवरणाचा प्रश्नही उरत नाही. नवी पट्टी लावताना जुनी काढण्यास विसरू नये. दोन पट्ट्या अंगावर राहिल्या तर मात्रा दुप्पट होते.

उपवासाचा प्रश्न याहून नाजूक आहे. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात घरातील वृद्धांनी आयुष्यभर केलेले उपवास या वर्षीही करावेत, असे त्यांना वाटते, आणि कित्येकदा त्यांच्यापेक्षा घरालाच अधिक वाटते. शरीरातील पाणी कमी झालेले, रक्तदाबाची गोळी चालू, त्यात स्मृतीच्या गोळीने नाडी मंद, अशा अवस्थेत तिसऱ्या दिवशी उठून उभे राहणे म्हणजे पडण्याचे आमंत्रण होय. उपवासासाठी रिव्हास्टिग्माइन तीन दिवसांहून अधिक बंद ठेवले, तर पुन्हा पूर्वीच्याच मात्रेने सुरू करता येत नाही. अगदी पहिल्या, लहान मात्रेपासून चढावे लागते, अन्यथा तीव्र उलट्या होतात. ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार सांगितलेले आहेत आणि त्यांत समाधीसाठीचा आगारही आहे. महाराज साहेबांना सर्व परिस्थिती सांगून मार्गदर्शन घ्यावे. ज्याला आपण काय सोडले आहे हेच आठवत नाही, त्याच्या वतीने घराने तपाचा संकल्प करणे मला योग्य वाटत नाही.

सामायिकाचे अठ्ठेचाळीस मिनिटे जमिनीवर बसून झाल्यावर एकदम उभे राहू नये. प्रथम खुर्चीचा किंवा भिंतीचा आधार घेऊन गुडघ्यांवर यावे, क्षणभर थांबावे, मग उठावे.

आणखी एक बाब आपल्या शाकाहारी समाजाला विशेष लागू आहे. ब १२ जीवनसत्त्व कमी पडले तर स्मृतीही मंदावते आणि मज्जारज्जूतील नसा बिघडून पायांना जमिनीची नीट जाणीव होत नाही. अंधारात तर माणूस झोकांड्या खातो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोनतृतीयांश पुरुषांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. विस्मरण आणि डळमळीत चाल एकत्र दिसली, तर अल्झायमरचा शिक्का मारण्यापूर्वी ही साधी रक्ततपासणी झालीच पाहिजे. दूध-दही पुरेसे घेऊनही ते कमी निघू शकते. त्यावर गोळ्या आणि इंजेक्शने उपलब्ध आहेत आणि ती स्वस्त आहेत.

वही ठेवण्याची सवय आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. स्मृतीची गोळी सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात एक पान उघडा. हात असलेल्या खुर्चीतून उठून, तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसण्यास किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून लिहा. ही परीक्षा १९९१ पासून जगभर वापरात आहे. साधारण बारा-चौदा सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल तर पडण्याचा धोका आहे असे समजतात. त्याखाली नाडी लिहा, वजन लिहा, कारण या औषधांनी भूक मंदावून काही रुग्ण वाळतात आणि पायांतील बळ जाते. गोळी सुरू झाल्यावर, आणि चार ते सहा आठवड्यांनी मात्रा वाढवल्यावर, पुन्हा तेच लिहा. पडले तर तारीख, वेळ, जागा आणि त्या दिवशी घेतलेली औषधे लिहा. ‘ठीक आहेत’ या दोन शब्दांपेक्षा असे एक पान डॉक्टरांच्या अधिक उपयोगी पडते. चाल सुधारली तर गोळी चालू ठेवण्यास आधार मिळतो. बिघडली तर मात्रा कमी करण्याचा, किंवा गोळी हळूहळू थांबवण्याचा निर्णय वेळेवर घेता येतो. तो निर्णय मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये.

काही घरांत दुसरे टोक गाठले जाते. पडतील या भीतीने आजींना खुर्चीतच बसवून ठेवतात, देवदर्शन बंद, शेजारी जाणे बंद. न चालणाऱ्याचे स्नायू काही आठवड्यांत झिजतात, आणि मग पुढच्या वेळी ती खरोखरच पडते. तिला रोज चालवावे. हात धरावा, परंतु ओढू नये. चालताना तिच्याशी बोलू नये. बोलायचे असेल तर थांबून बोलावे.

शेवटी विश्वस्त मंडळाकडे एक विनंती आहे. मंदिराच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा बसवावा आणि प्रत्येक पायरीच्या कडेला गडद रंगाची पट्टी ओढावी. संगमरवराच्या पांढऱ्या पायऱ्यांची कड या रुग्णांच्या डोळ्यांना उमगत नाही. अभिषेकानंतर गाभाऱ्याबाहेरील फरशी कोरडी करण्याचे काम एका व्यक्तीकडे नेमून द्यावे. प्रवचनाच्या सभागृहात भिंतीलगत हात असलेल्या दहा-बारा खुर्च्या कायम असाव्यात. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून हा खर्च सहज होण्यासारखा आहे, आणि कठड्याचे माप घेण्यासाठी मी स्वतः येण्यास तयार आहे.